बाईचा कडक शनवार

माय, तुझा भाऊ येऊन गेला. तुला भाऊ आहे हे मला साठी जवळ आल्यावर कळावं, यात चूक कोणाची असेल तर ती तुझी आहे. बोलताना मी तुला ‘तुले’ म्हणायचो, लिहिताना ‘तुला’ येतं, ती शाळेची सवय. राग मात्र तोच आहे. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि भांडायला कारण आत्ता मिळालं.

मामा शुक्रवारी दुपारच्या एसटीनं मोताळ्याला उतरले. अलिबागकडचे, पंच्याहत्तरी उलटलेले, हातात एक कापडी पिशवी. आता कायमचे मुलाकडे इस्राएलला चाललेत, त्याआधी बहिणीचं घर एकदा बघायचं होतं म्हणाले. तुझ्या सुनेनं वांग्याची भाजी-भाकर वाढली आणि म्हणाली, “उद्या लोणारचं तळं पाहून या मामाजी, हे नेतीन तुमाले.” तर म्हणाले, उद्या शनिवार, शनिवारी मी प्रवास करत नाही. ती एकदम खूश. “आमच्या सासूबाईचाबी शनवार होता. लय कडक. मारुतीचा.” मामांनी हातातला घास ताटात ठेवला. “मारुतीचा नव्हे गं,” ते म्हणाले. “आमचा.”

मग सगळं सांगितलं. तुम्ही बेने इस्राएल, यहुदी. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे होते, शनिवार देवानं नेमलेला विसाव्याचा, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गाव तुम्हाला शनवार तेली म्हणायचं. बाबा तिकडे रस्त्याच्या कामावर मुकादम होते, तू त्यांच्याबरोबर निघून आलीस आणि तुझ्या वडिलांनी तुझं नाव घेणं सोडलं. म्हणजे बाबांना ठाऊक होतं. तेही न बोलता गेले. घरात तीन माणसं, त्यातली दोन सामील आणि तिसरा मी.

इथं तर तुला लपवावंही लागलं नाही. शुक्रवारी दिवेलागणीच्या आत तू दोन्ही वेळचा स्वयंपाक करून ठेवायचीस, शिलाई मशीनवर फडकं टाकायचीस, पदर डोक्यावर घेऊन दिवा लावायचीस. दिवा तर प्रत्येकच घरात लागतो. शनिवारी कोणी पोलक्याचं माप घेऊन आली की शेजारीणच तिला परत पाठवायची, “आज नाई व बाई, बाईचा शनवार कडक हाय.” शनी म्हणा, मारुती म्हणा, लोकांनी आपापल्या मनानं कारण लावून घेतलं. तू फक्त हसायचीस. त्या हसण्याचा मला आता इतका राग येतो की काय सांगू.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. तू तापानं फणफणली आहेस, बाबा वावरात आहेत, शनिवार आहे. मी तुझ्यासाठी चहा करायला स्टोव्ह पेटवतो. तू भिंतीला धरत उठतेस आणि माझ्या गालावर अशी चापट देतेस की कान वाजतो. पण स्टोव्ह बंद करत नाहीस. तो तसाच रिकामा जळत राहतो, आपण दोघं त्याच्याकडे बघत बसतो, आणि तासाभरानं बाबा येऊन तो विझवतात. इतकी वर्षं मला ते कोडं सुटलं नव्हतं. मामांना विचारलं, तर सहज म्हणाले, “शनिवारी विस्तव पेटवायचा नसतो, तसा विझवायचाही नसतो ना.”

तेव्हा मला वाटलं, मारुती कोपला. पुढच्या शनिवारपासून मी उपास धरला. तुला सांगितलं, माय, मीबी आता तुझ्यासारखा शनवार धरीन, मारुतीचा. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि काही बोलली नाहीस. अगं, एक शब्द बोलायचा होता. तेव्हापासून मामा येईपर्यंत मी मारुतीच्या देवळात दर शनिवारी तेल वाहिलं. पोरगी दवाखान्यात होती तेव्हा त्याच्याच पायाशी बसलो होतो. तो विश्वास खोटा नव्हता, पण उभा राहिला तो तुझ्या गप्प बसण्यावर.

आणि वरून हे. निघताना मामांनी पिशवीतून एक पोस्टकार्ड काढलं. तुझं अक्षर, तुझ्या वडिलांना. एकच ओळ मोठी लिहिलेली: ‘मुलगा शनिवार पाळतो. स्वतःहून. मी सांगितलं नाही.’ मामा म्हणाले, ते कार्ड वडिलांच्या उशाखाली सापडलं. ते त्यावर समाधान मानून गेले. माय, त्यात एक अक्षर खोटं नाही आणि तरी तू त्यांनाही फसवलंस आणि मलाही. मला तर वाटतं स्वतःलाही.

तीन शनिवार झाले, मी देवळात गेलो नाही. “काऊन हो, दिसून नाई राह्यले?” लोक विचारतात. गुडघे दुखतात म्हणतो. हात जोडायला गेलो की प्रश्न पडतो, हे माझं आहे की तुझ्या चापटीचं. मामांचा देव मला ओळखीचा नाही, त्याची एकही प्रार्थना येत नाही. आणि ज्याची येते, त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटते. तुझी सून वैतागली आहे. म्हणते, “इतकी वर्सं उपास कोणाच्याबी नावानं असो, पोट तर तुमचंच उपाशी होतं ना?”

कार्ड मामा माझ्याजवळ ठेवून गेले. तुझ्या मशीनच्या खणात ठेवलंय, हा कागदही तिथंच जाईल. एक कबूल करतो. मामा म्हणाले होते, शनिवारी लिहायचंसुद्धा नसतं. आज शनिवार आहे. मुद्दाम आजच बसलो, तुझ्याच मशीनवर कागद ठेवून, दार उघडं टाकून. दोन तास झाले लिहितोय, आणि गाल अजून तसाच पुढे करून बसलोय.