शेंगदाणे तोंडात, चिमी अंगणवाडीत

१० फेब्रु., मंगळवार
आज नातीला अंगणवाडीत घातलं. जूनला पहिलीत जायची, आन् पोर घराबाहेर तोंड उघडत न्हाई. परवा शाळेतल्या गुरुजींनी नाव इचारलं तर माझ्या पदरात शिरली. गुरुजी म्हनले, अशी राह्यली तर वर्गात हरवून जाईल. तवापासून सुनंच्या जिवाला घोर.
अंगणवाडीच्या बाईंनी इचारलं, नाव काय गं तुझं? मीच सांगितलं, चिमी. पोरं खदखदा हसली. आता समदी मलाच चिमी म्हनत्यात.

१३ फेब्रु., शुक्रवार
मी अंगणवाडीच्या उंबऱ्यात बसते, न्हाईतर पोर रडती. बाईंनी तूर आन् हुलगा एकत्र करून निवडायला दिलं. हे काय शिकवनं? आमच्या घरी रोजच निवडत्यात. चिमी नुसती बघत बसली, म्हनून मीच दोन ढीग करून दिले. बाई म्हनल्या, "आजी, पहिलीत तुमालाच घालू का?"
घरी आल्यावर ध्यानात आलं. घरी बी मीच निवडते, ती मांडीवर.
कांदा काढायला बायका मिळंनात. सून एकटीच रानात.

२४ फेब्रु., मंगळवार
बाईंनी चिमीला इचारलं, आज काय खाल्लं? मी म्हनले, दूध-भाकरी. झालं. बाईंनी माझ्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवले. "तोंडात टाका. आन् सावकाश चावा." दात हायेत कुठं, लई येळ लागतो. चिमी माझ्याकडं बघती, मी आपली चावतीय. शेवटी तिनं बोटानं भाकरीचा डबा दाखवला.
बोलली न्हाई. पर दाखवला.

१० मार्च, मंगळवार
खिचडी सोताच्या हातानं खाती. निम्मी फ्राकवर, असू दे. घरी येऊन अंगणवाडीवानी हात धुवायला आमची रांग लावली. लेक रानातनं भुकेजून आलेला, पुढं घुसला, तर त्याचा सदरा धरून मागं ओढला. सून हसून हसून बेजार. लई दिसांनी हसली.
गुडघ्याला तेल लावायचं राह्यलं.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. पाटीपूजन केलं. पाटीवर सरस्वती काढायला मी चिमीचा हात धरला, तर झटकला. "मी." शेजारीन बसलेली असताना बोलली. सरस्वती तिरकी झाली, कोळ्यावानी दिसती. पुसू देत न्हाई.

१६ एप्रिल, गुरुवार
पहिलीत जानाऱ्या पोरांचा शाळेत मेळावा. कुठं उड्या, कुठं रंग, कुठं बिया निवडायच्या. बिया तर तिनं चटाचटा निवडल्या. मग गुरुजींचं टेबल. मी आदीच तोंडात शेंगदाणे भरले. सुनंनं माझा हात गच्च धरलेला.
गुरुजी म्हनले, नाव?
पोर खाली बघती. माझे दाणे सरले, तरी मी तोंड हालवतीच हाय.
मग म्हनली, "चिमी आजीचं नाव हाय. मी ईश्वरी."
गुरुजींनी माझ्याकडं बघितलं.

१४ जून, रविवार
उद्या शाळा. आजीला फाटकाच्या आत घेत न्हाईत, आदीच सांगितलंय. चिमीनं, म्हंजी ईश्वरीनं, दप्तर दुपारपासून दारात आणून ठेवलंय. मघाशी मातर माझा पदर धरला तो सोडंना. काय गं, इचारलं. तर आनखीच बिलगली.
शेंगदाणे भाजून ठेवलेत. उद्या कुनाला लागतील, बघू.