आमच्या घरातलं बाहेर कुणी सांगितलं

मी, लवीनिया बेकविथ स्ट्राउड, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, राहणार पासाडीना, कॅलिफोर्निया, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली नसताना, माझ्या पश्चात मालमत्तेची व्यवस्था कशी व्हावी हे स्वहस्ते लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे की नाही याबद्दल गावात दोन मतं आहेत, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती सात आहेत.

कलम १. वडिलांच्या बटणांच्या कारखान्यातील माझा संपूर्ण हिस्सा धाकटा भाऊ एल्बर्ट यास द्यावा. छत गळेल या खात्रीने तो चाळीस वर्षं रेनकोट घालून जेवायला बसतो. छत अजून गळलेलं नाही. त्याच्यावर माझा राग एकाच गोष्टीचा. १९३६ साली आमच्यासारख्याच एका श्रीमंत, चक्रम कुटुंबावरचा विनोदी चित्रपट लागला, तेव्हा थिएटरात सर्वांत मोठ्याने हाच हसला. वर म्हणतो, "लव्ही, रेनकोटात तो नट माझ्यापेक्षा बरा दिसतो गं." हा राग मी येथे सोडून देत आहे.

कलम २. दारातला वजनकाटा गावच्या शाळेला द्यावा. मी पाहुण्यांचं येताना आणि जाताना वजन करत असे, हे खरं आहे. आमच्याकडचं जेवण माणसाच्या अंगी किती लागतं, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

कलम ३. आईची पत्रं एल्बर्टने सांभाळावीत, जाळू नयेत. आई जेवताना बोलत नसे. समोरच्या माणसाला पत्र लिहून ती पोस्टात टाकी. "मिठाचं भांडं इकडे सरकव," हे रविवारच्या जेवणातलं तिचं म्हणणं मला मंगळवारी मिळालं होतं.

कलम ४. राहते घर, बागेसह. याबाबत थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे.

त्या चित्रपटात रेनकोट होता, वजनकाटा होता आणि मिठाचं ते पत्रही शब्दन् शब्द होतं. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते, पडद्यावर बावीसची झाले, एवढाच काय तो उपकार. सगळं गाव आम्हाला हसत होतं. हे घराबाहेर सांगणारं माणूस घरातलंच असणार, आणि नोकरमाणसांपैकी उरली होती एकटी नेटी ओडम, एकोणीस वर्षं आमच्याकडे असलेली स्वयंपाकीण. मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "घरच्या गोष्टी विकल्यास. आजच्या आज निघ."

नेटीने हात पुसले, एप्रन खुंटीला लावला. "ओव्हनमध्ये केक आहे," ती म्हणाली. "वीस मिनिटांनी काढा." आणि गेली.

एक गोष्ट मात्र मला बावीस वर्षं छळत राहिली. मिठाचं पत्र मी नेटीला कधी दाखवलंच नव्हतं. मग सांगितलं कुणी? गेल्या वर्षी त्या चित्रपटाचे लेखक सॉल केस्टनबाम निवृत्त झाल्याची बातमी वाचली आणि त्यांचं घर शोधून काढलं. ते लिंबाच्या झाडाला पाणी घालत होते. मी नाव सांगताच त्यांनी नळ बंद केला.

"तुमचे वडील सांगायचे," ते म्हणाले. "दर गुरुवारी यायचे. सांगता सांगता डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायचे."

"माझे वडील घरी कधी हसले नाहीत."

"मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, 'घरी हसलो तर पोरांना वाटेल, बाप थट्टा करतोय. पण असं घर कुणाला मिळतं हो?'"

वडील चित्रपट लागण्याच्या आदल्या वर्षीच वारले होते. मी विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणाले?"

"तुम्ही एकदा त्यांचंही वजन केलंत म्हणे. अर्धा पौंड कमी भरले. तेव्हापासून तुम्ही त्यांना जास्त वाढायला लागलात. ते मी चित्रपटात घातलं नाही. कुणी हसलं नसतं."

दुसऱ्याच आठवड्यात मी फ्रेस्नोला गेले. नेटी तिथे खाणावळ चालवते. मला पाहून तिने पहिला प्रश्न विचारला, "केक काढलात का?"

"नाही. जळला." मग मी माफी मागितली, आणि सांगणारे वडील होते हेही सांगितलं.

"मला माहीत होतं, बाई. गुरुवारी साहेबांच्या हातात टोपी मीच द्यायची. कुणाला बोलू नकोस म्हणाले होते."

"मग त्या दिवशी निदान 'मी नाही' एवढं तरी म्हणायचंस."

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही नुसतं सांगितलंत."

सबब हे घर, बाग आणि सर्व सामान नेटी ओडम हिच्या नावे व्हावे, तिला ते विकण्याचाही पूर्ण हक्क राहील. मात्र या वेळी मी आधी विचारलं आहे. मागच्या रविवारी पुन्हा जाऊन म्हटलं, "नेटी, तुला आमचं घर हवंय का?" ती म्हणाली, "विचार करून सांगते."

ती काय म्हणते हे कळल्याशिवाय मरण्याची माझी तयारी नाही. पण वयाचा भरवसा नाही, म्हणून सही आजच करते.

(सही) लवीनिया बेकविथ स्ट्राउड

वरील सही आमच्या समक्ष झाली. आम्हा दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.
साक्षीदार: १. हॉरेस टिबेट, औषधविक्रेते २. मॉड पेनिंग्टन, शेजारीण

पासाडीना, ९ एप्रिल १९५९