शेवटच्या फेरीतली फुलबॅक

नाना, आपल्या मैदानावरची एक पोरगी निवडली गेली. तुम्हाला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली, म्हणून आधी सांगायला हवं: हल्ली बायकांच्या फुटबॉलची लीग असते आणि संघवाले एका हॉलमध्ये बसून पाळीपाळीनं खेळाडू घेतात. पहिल्या फेरीत गोल मारणाऱ्या जातात. मागं बचाव सांभाळणाऱ्या फुलबॅकची आठवण सगळ्यांना जेवायची वेळ झाल्यावर येते. आपली पोरगी शेवटच्या फेरीत गेली. यावलकडची आहे, एकोणीस वर्षांची. आई-बाप केळीच्या कापणीला जातात आणि ही पहाटेच्या एसटीनं निघून, भुसावळला बस बदलून वरणगावला माझ्याकडं सरावाला यायची.

बातमी आली तशी मैदानाजवळच्या चहाच्या टपरीवर तुमच्या संघातली जुनी मंडळी जमली. आता सगळे पेन्शनर. मोबाइलवर तिचा व्हिडिओ लावून चिरफाड सुरू झाली. लेकीकडे राहायला आलेले अमळनेरचे आबा म्हणाले, "पोर बुटकी शे. कॉर्नरले काय करी ती?" दुसरे म्हणाले, "डावा पाय नुसता उभं ऱ्हायाले ठेवलाय तिनं." तिसऱ्यांनी निकालच देऊन टाकला, "शेवटच्या फेरीत उरलेलं घेतात, बाप्पा." उचलली जीभ लावली टाळ्याला! जिल्ह्याबाहेर एक सामना जिंकल्याचं कोणाला आठवत नाही, आणि हे पारख करणार.

उरलेली म्हटलं की मला तुमची पहिली भेट आठवते. फॅक्टरीची शिफ्ट संपवून तुम्ही सायकलवरून येता आहात, पँट नडगीपर्यंत दुमडलेली. आम्ही भिडू निवडतो आहोत, मला कोणी घेतलेलं नाही, आणि 'जा मागं' म्हणून मला फुलबॅकला ढकललंय. तुम्ही शिट्टी वाजवून सगळे भिडू मोडता आणि म्हणता, "आधी मागची जागा भरा. घर बांधताना कौलं आधी चढवता का रे?" पुढच्या वर्षी एका सामन्यात मी मागून थेट पुढं धावत गेले आणि गोल मारला. पोरींनी मला उचलून धरलं. तुम्ही मात्र बाहेर बसवलंत. "गोल पाह्यला. पण जाताना मागची जागा कोणाले सांगून गेलती?" मी रडले, आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. आज शाळेत खेळ शिकवताना पोरींना पहिली सवय तीच लावते. ही पोरगी तर पुढं निघाली की शेजारणीचं नाव घेऊन ओरडते, आणि ती जागेवर आल्याशिवाय पाऊल टाकत नाही. आवाज बंद करून व्हिडिओ पाहणाऱ्यांना ते कसं कळणार?

सोमवारी तिला संघात हजर व्हायचं होतं आणि शनिवारी ती माझ्या दारात उभी. बॅग भरलेली नव्हती. टपरीवरचं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं. "मॅडम, खरं सांगा, मले उरलेली म्हून घेतलं का? तसं असंल तर मी नाही जात." गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण तुम्ही मला कधी खोटं गोड सांगितलं नाहीत. म्हटलं, "हे बघ, संघवाल्यांनी माझ्याकडं पाच नावं मागितली होती. तुझं मी पाचवं दिलं. डावा पाय मलाही कच्चा वाटायचा. त्यांनी येऊन सामना पाहिला, वरच्या चौघींना सोडलं आणि तुला घेतलं. चुकले ते मी."

ती हसली. "माहीत हाये मले. तुमचा चष्मा घरी राह्यला होता. तुम्ही सांगत होत्या आन् तुमच्या फोनवर नावं मीच लिहीत होती."

मला मान वर करवेना. मी ते साफ विसरले होते. स्वतःचं नाव पाचव्या जागी लिहून ही पोरगी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं सरावाला आली होती, नाना. "मंग विचारलं काहाले?" असं मीही तिच्याच बोलीत बोलून गेले. ती म्हणाली, "तुम्ही खरं सांगता का, ते पाहाले. तुम्ही सोताची चूक सांगितली. आता त्यांनी पाहून घेतलं, हे बी खरंच असंल." आणि बॅग भरायला गेली.

काल तिचा पहिला सामना झाला. दुसऱ्या अर्ध्यात उतरवलं तिला. तिच्या बाजूनं एकही पोरगी पुढं जाऊ शकली नाही, डाव्या पायानंही तिनं दोनदा बॉल बाहेर काढला. मी टपरीवर सगळ्यांच्या मधे बसून ओरडत होते. सामना संपल्यावर आबांनी स्वतः माझ्या हातात चहा दिला आणि म्हणाले, "मॅडम, तुमनी नजर लई तेज शे. आम्हले दिसनं नही, तुमले दिसनं."

मी मान डोलावली आणि चहा पिऊन टाकला, नाना.