नॉर्मलची नळी

१८ एप्रिल १९६३
पुन्हा तेच! सात मधुमेही आणि एक निरोगी — आठही नळ्यांत ग्लुटाथायोन सारखंच. व्हिटॅमिन ईचंही तेच रडगाणं. ही दोन द्रव्यं शरीराला आतून गंजू देत नाहीत आणि मधुमेहात ती कमी पडतात — एवढंच दाखवायचंय मला. दोन वर्षं घासतेय. आणि रक्त म्हणतं, काही फरक नाही हो बाई, घरी जा.

आमचे विभागप्रमुख पाळंदे सर, त्यांनी आकडे बघितले. "प्रभाबाई, तुमचा हात स्वच्छ नाही." तेही नंदकिशोरजींसमोर! नंदकिशोरजी म्हणजे आमचे टेक्निशियन, विभागप्रमुखांची सावली. त्यांनी लगेच मान डोलावली.

२२ एप्रिल
बर्फखान्यातून बर्फ आणवला, अर्धा टांग्यातच वितळला. रक्त थंड नाही ठेवलं तर ग्लुटाथायोन टिकत नाही. व्हिटॅमिन ईला उजेड चालत नाही, म्हणून खिडक्यांना काळे पडदे. धूळ नको म्हणून पंखा बंद. पदर पिळला तर पेलाभर घाम निघेल. सगळी रसायनं नव्यानं केली, काचसामान स्वतः घासलं. निकाल? पहिले पाढे पंचावन्न!

२९ एप्रिल
निरोगी माणसाचं रक्त मिळणं इथे महाकठीण. शिपाई सुई बघून पळतो. नर्सबायांना नेमका त्याच दिवशी उपास. म्हणून दर खेपेला सर स्वतः बाही वर करतात. "माझ्याइतका नॉर्मल माणूस अख्ख्या राजस्थानात मिळायचा नाही!" पहाटे उठून फिरायला जातात, सुपारीचं खांड तोंडात घालत नाहीत, त्याची केवढी मिजास. नंदकिशोरजी नळीवर मोठ्या अक्षरांत 'नॉर्मल' लिहितात आणि दोन्ही हातांनी आणून देतात, प्रसाद असल्यासारखी. "बड़े साहब का है, मैडम. ज़रा सँभाल के."

११ मे
बोलावणं आलं. सप्टेंबरात हैदराबादला परिषद. "जूनअखेर फरक दिसला नाही तर काम दिलीपकडे." दिलीप, म्हणजे सरांचा भाचा. आत्ता कुठे एम.एस्सी. झालाय, पिपेट धरतो ती पेन्सिल धरल्यासारखी! बोलता बोलता सरांनी सुरई रिकामी केली, मध्येच उठून बाहेर जाऊन आले. मला पाणी घेता का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

१२ मे
आई म्हणाली, "साताऱ्याच्या शाळेत लागली असतीस तर एव्हाना हेडबाई झाली असतीस." अर्धी पोळी ताटात टाकून उठले.

२ जुलै
गेलं. माझं काम, माझे काळे पडदे, माझ्या बाटल्या — सगळं दिलीपला. मला पहिल्या वर्षाच्या पोरांची प्रॅक्टिकल्स.

१९ जुलै
दिलीपला फरक मिळाला. पहिल्याच फटक्यात! मधुमेह्यांचं ग्लुटाथायोन खाली, निरोग्याचं वर. व्हिटॅमिन ईसुद्धा तसंच. सरांनी पेढे वाटले. "याला म्हणतात हात!"

पद्धत माझी. रसायनं मी केलेली. निरोगी रक्त म्हणून त्यानं स्वतःचंच घेतलं — मामांना कशाला टोचायचं, म्हणे. आणि यश कोणाचं? हाताचं! पेढा पदरात गुंडाळून बाहेर नेला आणि कुत्र्याला घातला.

२४ जुलै
तीज, इथला श्रावणातला सण. इंदुबाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, पाकातले घेवर खायला बोलावलं. जावंसं वाटत नव्हतं, पण बाई लाघवी आहे. "बघा ना, किती वाळलेत हे. इथला उन्हाळा सोसत नाही. सारखं पाणी पाणी." सर म्हणाले, "पोट गेलं, बरंच झालं!" आणि आणखी एक घेवर ओढला. निघताना इंदुबाई जिन्यात हळूच म्हणाल्या, "तुमच्यावर अन्याय झालाय, कळतं मला."

६ ऑगस्ट
आज पोरांना रक्तातली साखर काढायला शिकवली. साखर जितकी जास्त, तितका निळा रंग गडद. नमुन्याला सरांची नळी आली — नॉर्मल, नेहमीप्रमाणे. सगळ्यांच्या नळ्या शाईसारख्या निळ्या! मागच्या बाकावरून एक जण, "मैडम, नॉर्मल ऐसा है तो मरीज़ कैसा होगा?" वर्ग खिदळला. मी म्हटलं, रसायन बिघडलंय.

पोरं गेल्यावर नवं रसायन केलं. शेजारी माझं स्वतःचं रक्त लावलं. माझं फिकं. सरांचं गडद. पुन्हा केलं. तेच. तीनशेच्या वर!

म्हणजे दोन वर्षं मी मधुमेह्यांची तुलना मधुमेह्याशीच करत होते! फरक दिसणार कुठून? माझा हात स्वच्छ होता. स्वच्छ होता! अख्ख्या हॉस्पिटलची साखर आमच्या विभागात मोजतात, आणि विभागप्रमुखांची मोजायचं कुणाला सुचलं नाही. दिव्याखाली अंधार. मलाही नाही सुचलं. साहेब म्हणजे नॉर्मलच, दुसरं काय असणार!

७ ऑगस्ट
सांगायला गेले. सर दिलीपबरोबर परिषदेचे तक्ते बघत होते. तोंड उघडायच्या आत, "प्रभाबाई, पोराटोरांच्या तक्रारी परिषदेनंतर." हातानं माशी हाकलावी तसं हाकललं मला.

एक वाक्य होतं. दाराशी उभं राहून सांगता आलं असतं. नाही सांगितलं. आणि खरं लिहायचं तर — बरं वाटलं. जाऊ देत हैदराबादला, मिरवू देत. आले की चारचौघांत ती नळी समोर ठेवीन आणि विचारीन, बोला, कोणाचा हात घाण?

९ ऑगस्ट
बाहेर इंदुबाई भेटल्या. सरांना चप्पल चावलीय, जखम भरत नाही. "काय लावू हो?"
"हळद लावा," म्हटलं. मी!

१३ ऑगस्ट
सर दोन दिवस रजेवर. ताप आहे म्हणे. उद्या घरी जाऊन सांगतेच. आज दिलीपनं माझा ब्यूरेट फोडला आणि वर हसला. डोकं उठलंय.

१४ ऑगस्ट
गेले नाही.

१६ ऑगस्ट
वॉर्डातून तातडीची नळी आली. डॉ. रं. ग. पाळंदे. बेशुद्ध. नंदकिशोरजींचे डोळे सुजलेले. दिलीप हात पुढे करून उभा, पण त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "मेमसाहब ने कहा है, मैडम ही करेंगी. साहब घर में कहते थे, प्रभाबाई जैसा हाथ पूरे कॉलेज में नहीं."
नळी घेतली. आकडा मला आधीच पाठ आहे.