सत्तेचाळीस, ऐकू येतंय का?

४ मार्च, सोमवार
आजपासून ही वही. बावीस वर्षं मुलांना विमान उडवायला शिकवतोय. आता विमानतळाच्या टॉवरच्या चुका लेखी ठेवायची वेळ आली आहे.

सकाळी यन-जूला घेऊन धावपट्टीभोवती सहा फेऱ्या. यन-जू दो, वय चोवीस, सध्या माझी एकुलती एक विद्यार्थिनी. बाकीचे आमच्या शाळेचे प्रमुख बांग साहेबांनी दुसऱ्या शिक्षकांकडे दिले, माझा ताण कमी व्हावा म्हणून. ताण कसला? तिसऱ्या फेरीत टॉवरने आमच्या विमानाच्या नंबराने, ‘सत्तेचाळीस’ अशी तीनदा हाक मारली, असं तिचं म्हणणं. मला एकदाही ऐकू आली नाही. अर्थ सरळ आहे, रेडिओ बिघडला.

हे-रान जाऊन सात महिने झाले. बायको गेल्याचा कामावर काही परिणाम नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

६ मार्च, सकाळी ७
मेकॅनिकने रेडिओ तपासला. उत्तम आहे म्हणतो. मेकॅनिक लोकांना सगळंच उत्तम वाटतं. हेडसेट बदलून घेतला.

संकल्प: टॉवरने सांगितलेलं शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवायचं. विद्यार्थ्यांना तेच शिकवतो, स्वतःही करायचं.

६ मार्च, दुपारी
टॉवरने दोन हजार फूट सांगितलं, मी तीन हजार म्हणून दाखवलं. यन-जूने घाईने रेडिओवर बोलायचं बटण दाबून दुरुस्त केलं. तिला म्हटलं, तुझं लक्ष आहे का ते बघत होतो. ‘हो सर’ म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. या मुलांना शिकवण्याच्या पद्धतीच कळत नाहीत.

११ मार्च
कानाच्या डॉक्टरकडे गेलो. शंका नको. कान तिशीतल्या माणसाचे आहेत म्हणाला. म्हणजे दोष टॉवरचा, हे सिद्ध झालं. मग झोप लागते का, जेवता का, एकटे राहता का, असं विचारायला लागला. कान दाखवायला आलोय, असं सांगून उठलो.

१४ मार्च
नवा संकल्प: हजार फुटांखाली कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही. यन-जूलाही बजावलं.

उतरायला समुद्रावरून वळलो तर खाली स्क्विड मासे वाळत घातलेला किनारा दिसला. हे-रान तिथूनच आणायची. विक्रेतीशी भांडायची आणि वर तिलाच घरी चहाला बोलवायची. एवढं एक वाक्य यन-जूला सांगितलं. धावपट्टी जवळ आल्यावर लक्षात आलं, उतरायची परवानगीच मागितलेली नाही. तिने मागितली होती.

मला सांगायचं होतंस, असं रागावलो.

“सांगितलं होतं सर,” ती म्हणाली. “तेव्हा तुम्ही बाईंच्या सूपबद्दल सांगत होता.”

सूपबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही.

२० मार्च, बुधवार
आज झालं ते टॉवरमुळे झालं, हे आधी लिहून ठेवतो.

वारा आडवा होता. अशा वाऱ्यात कसं उतरायचं ते दाखवायला विमान मी हातात घेतलं होतं. सगळं व्यवस्थित. यन-जू म्हणाली, सर, परत वर जायला सांगतायत. पुन्हा म्हणाली. मग माझा हात बाजूला सारून तिने इंजिनाला पूर्ण जोर दिला.

“विमान माझ्या ताब्यात,” ती म्हणाली.

हे वाक्य शिक्षकाने विद्यार्थ्याला म्हणायचं असतं. मी शेकडो वेळा म्हटलं असेन. शिक्षक झाल्यापासून मला कुणी म्हटलं नव्हतं.

खाली धावपट्टीवर दुरुस्तीची पिवळी गाडी होती, दोन माणसं होती. एकाने टोपी धरली होती. मला त्याचा चेहरा दिसला. विमानातून चेहरा दिसायला नको.

उतरल्यावर तिला सुनावलं की याला शिस्त म्हणत नाहीत.  ती पाण्याची बाटली उघडायचा प्रयत्न करत होती, उघडेना. मी घेतली. मलाही उघडेना.

टॉवरविरुद्ध तक्रार लिहून दिली. रेकॉर्डिंग ऐकवा, अशी मागणी केली.

२२ मार्च
बांग साहेबांनी ऐकवलं. खोलीत आम्ही दोघंच.

टॉवरवरचा माणूस खणखणीत बोलतो. सत्तेचाळीस, परत वर जा, धावपट्टीवर गाडी आहे. सत्तेचाळीस, ऐकू येतंय का? मधे यन-जूचा आवाज. मग माझा. माझा अंगठा बटणावर असणार.

“आलो गं, आलो.”

साहेबांनी यंत्र बंद केलं. मी म्हटलं, परत लावा. त्यांनी लावलं नाही. घरात बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेला असलो आणि स्वयंपाकघरातून जेवायला हाक आली, की मी जसा म्हणायचो, अगदी तसा आवाज होता. जागचा न हलता म्हणायचो. तिला दोनदा हाक मारावी लागायची.

साहेबांनी सातूचा चहा ओतला. थोडे दिवस घरी बस, म्हणाले.

“घरी बसवत नाही म्हणून तर येतो,” मी म्हणालो.

असं काही बोलायचं मी ठरवलं नव्हतं. ते खाली मान घालून कप पुसत राहिले. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत. माझं उड्डाण थांबवल्याच्या कागदावर मी सही केली. तक्रार परत घेतली.

२५ मार्च
यन-जूला फोन केला. माफी मागायचा विचार होता. आडव्या वाऱ्यात पाय कसे ठेवायचे तेच पाच मिनिटं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी म्हणालो, त्या दिवशी तू बरोबर केलंस.  मग तिने विचारलं, सर, जेवलात का?

हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

५ एप्रिल, शुक्रवार
यन-जूचं पहिलं एकटीने उड्डाण. पाहायला या, असं तिनेच कळवलं होतं. कुंपणापाशी उभा राहिलो. बांग साहेबांनी त्यांचा हातातला रेडिओ आणून दिला आणि आत गेले.

तीन वेळा उतरली. दुसऱ्यांदा जरा आपटली. टॉवरने सांगितलेलं प्रत्येक वाक्य तिने सावकाश, नीट परत म्हटलं. तिसऱ्यांदा चाकं टेकली ती कळलीसुद्धा नाहीत. शाबास म्हणावं म्हणून मी रेडिओ तोंडाजवळ नेला.

तेवढ्यात टॉवरने हाक मारली, सत्तेचाळीस. माझा अंगठा बटणावर होता, उत्तरही तोंडात होतं.

तिने उत्तर दिलं. मी अंगठा काढला.