शेवटच्या पानावरचं नाव

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड.

बाबा गेल्यावर उरलेली त्यांची कॉमिक्स आज विकली. पैसे दादाला निम्मे, मला निम्मे. पण सगळ्यात जुनं, महागडं मी लपवलं. दादाला म्हटलं, "ते हरवलं रे." तो लगेच म्हणाला, "जाऊ दे गं." तेच टोचतंय.

बाबा बिल्डिंगमधल्या पोरांना कॉमिक्स वाचायला द्यायचे. शेवटच्या पानावर पेन्सिलीने नेणाऱ्याचं नाव लिहायचे, परत आलं की नावावर रेघ मारायचे. साकीनाक्याचा डीलर म्हणाला, पान कोरं असेल तर डबल भाव. म्हणून दुपारी त्या लपवलेल्या कॉमिकमधली सगळी नावं रबराने पुसली. नीट पुसली ना मी?

आत्ता उघडून बघितलं. पेन्सिलीचं एकच नाव आहे, बाबांच्या अक्षरात. माझं. त्यावर रेघ नाही.