आते वाजी

धुळे,
११ फेब्रुवारी २०२५

चि. प्रशील,

जयभीम. मी बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुझा फोन लागत नाही. तुझ्या सीडीच्या वेष्टनावर बर्लिनचा पत्ता छापला आहे, त्यावर हे पाठवते. संस्कृतच्या प्राध्यापिकेने सख्ख्या भावाचा ठावठिकाणा सीडीवरून काढावा, यात थोडा हास्यरस आहे.

तुझं एकल पियानोवादन पोचलं. एक स्वर, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा तोच स्वर. आमच्या सुभाषितकारांनी मौनाची स्तुती फुकट केली. तू त्याला छापील किंमत लावलीस.

आबांसाठी मी जळगावहून रजा टाकून आले होते. छातीचं दुखणं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, त्याचा अर्थ तुला कळेल. सीडी लावली तर पहिल्या दिवशी म्हणाले, "पोऱ्या पुढलं इसरी गया का?" दुसऱ्या दिवसापासून मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हात वर करून गप्प करायला लागले. "आयका. आते वाजी." पुढचा स्वर आता वाजणार, याची त्यांना खात्री असायची. आणि स्वर वाजला की चादरीवरचं त्यांचं बोट उचललं जायचं.

केसरआत्या कुरकुरली, "दादा, मी तुले भेटाले उनू का या खोकाले?" पण तीही शिकली. बशीतला चहा फुंकायची थांबायची.

परवा दुपारी आम्ही दोघी त्यांच्या उशाशी होतो. स्वर वाजला, बोट हललं नाही. आत्या पुटपुटली, "दादा झोपना का?" मी तिला खुणेनं गप्प केलं. अजून संपलं नव्हतं ना. सीडी संपेपर्यंत आम्ही शहाण्यासारख्या बसून राहिलो.

कुठल्या शांततेत ते गेले, मला माहीत नाही. लवकर कळलं असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. भला माणूस आहे.

अग्नी मी दिला. तुझी वाट बघावी की नाही, यावर लोकांनी चर्चा केली. मी केली नाही. पुण्यानुमोदनाला येता आलं तर ये.

तू जाताना "या घरात परत पाय ठेवू नको" म्हणाले होते. ते शब्द मागे घेतले का, असं तू विचारशील. तसं काही बोलले नाहीत. रचून सांगणं मला जमतं, पण सांगणार नाही. तू वाजवत असताना त्यांनी कुणाला बोलू दिलं नाही, एवढंच माझ्यापाशी आहे.

आता या घरात सगळ्यांत मोठी,
तुझी अक्का